गायनाचा तास : आरेझ्झो ते केच्केमेट

लहान मुलांना गायनाच्या तासाला नेमके काय शिकवावे, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. वेळापत्रकात तास असतो, वर्गात बाजाची पेटी असते, शिक्षक चार गाणी 'बसवून' घेतात, डिसेंबरात स्नेहसंमेलन पार पडते आणि जानेवारीपासून तोच तास गणिताच्या उजळणीकडे वळविला जातो. गाणी बसली म्हणजे गायन झाले, अशी आपली समजूत असते. परंतु गाणे पाठ होणे आणि गाता येणे या दोन निराळ्या गोष्टी होत. हा भेद सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका मठवाशाने ओळखला, आणि त्यानंतर ज्यांनी ज्यांनी मुलांच्या संगीतशिक्षणाचा मनापासून विचार केला, त्या बहुतेकांना फिरून त्याच भेदापाशी यावे लागले. त्या वाटेवरील काही थांबे येथे पाहावयाचे आहेत.

इटलीतील फेरारा शहराच्या प्रदेशात पोंपोसा नावाचा संत बेनेडिक्टच्या संघाचा मठ होता. अकराव्या शतकाच्या आरंभी तेथे गुइडो नावाचा तरुण मठवासी उपासनेतील गीते शिकवीत असे. त्या काळी वर्षभराच्या उपासनेची शेकडो गीते मुखोद्गत करावी लागत. लिहिण्याच्या खुणा होत्या, पण त्या बहुधा स्वर वर गेला की खाली आला एवढेच सुचवीत. किती वर आणि किती खाली, हे गुरूच्या तोंडूनच ऐकावे लागे. या अभ्यासात दहा दहा वर्षे जात. इतके करूनही, गुइडोची तक्रार अशी की, गुरू जवळ नसला तर शिष्याला एक लहानसे नवे गीतदेखील आपले आपण गाता येत नसे. आयुष्यभर गाऊनही तो परावलंबीच राही.

गुइडोने दोन उपाय योजले. पहिला सर्वांना ठाऊक आहे : त्याने स्वर ठरावीक अंतराच्या रेषांवर व रेषांच्या मधल्या जागांत बसविले, आणि वाट चुकू नये म्हणून एक रेषा तांबडी व एक पिवळी रंगविली. आज जगभर वापरली जाणारी पाच रेषांची स्वरलिपी त्यातूनच वाढली. सेमिनरीत आम्ही ग्रेगोरियन गायनाचे जे चार रेषांचे पुस्तक समोर धरीत असू, तेही याच घराण्यातले. दुसरा उपाय मला अधिक मोलाचा वाटतो. संत योहान बाप्तिस्ताच्या सणाचे एक लॅटिन स्तोत्र आहे. गुइडोने शिकविलेल्या त्याच्या चालीत पहिल्या सहा चरणांपैकी प्रत्येक चरण आधीच्या चरणाहून एक पायरी वरच्या स्वरावर सुरू होतो. त्या चरणांची आद्याक्षरे उत, रे, मी, फा, सोल, ला. गुइडो आधी हे स्तोत्र मुलांकडून पक्के पाठ करून घेई. मग अनोळखी गीतातला एखादा स्वर पुढे आला की मुलाने मनात पाहावयाचे, हा आपल्या कोणत्या चरणाच्या आरंभासारखा आहे? ज्ञात स्वरावरून अज्ञात स्वराकडे जाण्याची ही युक्ती होती. पुढे 'उत'च्या जागी 'डो' आला आणि सातव्या स्वराला 'सी' हे नाव मिळाले.

मठबंधूंना ही नवलाई रुचली नाही. (चांगल्या शिक्षकाचा पहिला विरोधक त्याच्याच शिक्षकदालनात बसलेला असतो, हे अनुभवी मुख्याध्यापकांना सांगावयास नको.) सुमारे १०२५ साली गुइडो आरेझ्झो येथे बिशप थिओडाल्ड यांच्या आश्रयास गेला. तेथून पोंपोसातील मायकल या मित्राला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, काही मुले तीन दिवसांच्या आत न ऐकलेली गीते सहज गाऊ लागली. पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला रोमला बोलाविले, त्याचे पुस्तक चाळले आणि कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः गाऊन पाहिली. गुइडो मात्र रोमच्या उन्हाळ्यातील दमट हवेने आजारी पडला व लवकरच परतला. हाताच्या बोटांच्या पेरांवर स्वर मांडणारा जो 'गुइडोचा हात' पुस्तकांत चितारलेला असतो, तो त्याच्या उपलब्ध लेखनात आढळत नाही. परंपरेने तो त्याच्या नावावर घातला आहे.

या साऱ्या कथेत स्वरलिपीचे कौतुक होते आणि क्रमाचा विसर पडतो. मुलाच्या कानात आधी एक गीत मुरलेले होते. अक्षरे आणि रेषा मागाहून आल्या. कानात जे नाही, त्याला नाव देऊन काय साधणार?

हीच अक्षरे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात आले, ते हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना गोळा करीत आणि धर्माची तत्त्वे त्यांच्याकडून गाऊन म्हणवून घेत, हे आपण जाणतोच. पुढे चर्चच्या छायेत ज्या धर्मग्रामीय शाळा उभ्या राहिल्या, त्यांत धर्मशिक्षण व लेखन-वाचन यांच्या जोडीला संगीत हा नित्याचा विषय झाला. 'मेस्त' म्हणजे गायकवृंदाचा प्रमुख, तोच शिक्षक. वाद्य हाती येण्याआधी मुलाने कित्येक महिने सॉल्फेज करावयाचे, म्हणजे हाताने ताल मोजीत, लिहिलेले स्वर त्यांच्या नावांनी गावयाचे. व्हायोलिन त्यानंतर.

या शिस्तीचे फळ मुंबईने चाखले. विसाव्या शतकात गोव्यातून मुंबईस आलेले वादक हॉटेलांच्या बँडमध्ये आणि नंतर हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले, ते केवळ हात चांगला होता म्हणून नव्हे. त्यांना स्वर लिहिता-वाचता येत होते म्हणून. संगीतकाराने चाल गुणगुणावी आणि या मंडळींनी ती कागदावर उतरवून व्हायोलिन, सेलो, ट्रम्पेट अशा प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा लिहून द्यावा, अशी ती रीत होती. शंकर-जयकिशन यांच्या संगीतामागे सेबॅस्टियन डिसोझा यांचे वाद्यवृंदलेखन होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे चर्चच्या गायकवृंदप्रमुखाचे पुत्र. प्यारेलाल त्यांचे शिष्य, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या चालीवर या गुरूचे नाव घरोघरी पोहोचले. खेड्यातल्या चर्चशेजारच्या खोलीत सुरू झालेल्या शिक्षणाने एका महानगरातील उद्योगाला हात दिला, ही घटना आपल्या समाजाच्या इतिहासात ठळक अक्षरांत नोंदविण्याजोगी आहे.

तरीही या शाळांना मी आदर्श म्हणणार नाही. त्यांचा हेतू उपासनेसाठी गायक व वादक तयार करणे हा होता. ज्यांचा कान तयार होता ते पुढे गेले; बाकीचे मागे राहिले, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. शिवाय मूल जे गात असे ते त्याच्या आजीचे गाणे नव्हते. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या फर्मानात तर विवाहप्रसंगीची देशी गीते आणि देशी वाद्ये यांवरच बंदी घातली गेली. घरचे गाणे एका दाराने बाहेर आणि शाळेचे गाणे दुसऱ्या दाराने आत, अशी ती स्थिती होती. १९६१ नंतर या शाळा मागे पडत गेल्या. त्यांची जागा सर्व मुलांसाठी घेईल असे काही आपण उभे केले का, हा प्रश्न उरतोच.

सर्व मुलांसाठी गायन, ही कल्पना खऱ्या अर्थाने वाढली ती एकोणिसाव्या शतकात, सार्वत्रिक शिक्षणाबरोबर. तेथे इंग्लंडचा अनुभव फार बोलका आहे, म्हणून क्षणभर तिकडे जाऊ.

१८४१ या एकाच वर्षी इंग्लंडमध्ये दोन गोष्टी घडल्या. सरकारच्या शिक्षण समितीच्या पाठिंब्याने जॉन हलाह यांनी लंडनच्या एक्झेटर हॉलमध्ये शाळाशिक्षकांसाठी गायनाचे मोठे वर्ग सुरू केले. त्यांची पद्धत पॅरिसच्या विलेम यांच्याकडून घेतलेली. तिच्यात 'डो' अचल होता, म्हणजे पेटीवरच्या एका ठरावीक पट्टीलाच 'डो' म्हणावयाचे, गाणे कोणत्याही पट्टीत असो. आरंभीचे धडे त्या एकाच पट्टीतले, तोवर सारे सुरळीत चालले. गाणी दुसऱ्या पट्टीत जाऊ लागली तसे नावाचे आणि कानाला जाणवणाऱ्या नात्याचे फाटले, आणि शिकणारे गळू लागले. राजाश्रय, भव्य सभागृह, छापील पुस्तके असे सर्व असूनही पद्धत ओसरली.

त्याच वर्षी हल शहरी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांची परिषद भरली. मुलांना गायन शिकविण्याचा सर्वांत सोपा मार्ग शोधून काढण्याचे काम तिने जॉन कर्वेन या पंचविशीच्या पाळकावर सोपविले. कर्वेन संगीतज्ञ नव्हता. त्याच्या हाती सारा ग्लोव्हर या बाईंचे १८३५ साली छापलेले पुस्तक आले. नॉर्विच शहरातील एका धर्मगुरूची ही कन्या गरीब मुलांना गायन शिकविताना भिंतीवर स्वरांची शिडी टांगीत असे आणि छडीने दाखवील त्या पायरीचा स्वर मुले गात. तिचा 'डो' चल होता : गाण्याचा आधारस्वर कोठेही असो, तोच 'डो'. 'सी'चे 'टी' तिनेच केले, कारण प्रत्येक स्वराचे आद्याक्षर वेगळे हवे होते; मग नुसत्या अक्षरांनी गाणे लिहिता येई. कर्वेनने यात भर घातली ती हातांच्या खुणांची. 'डो' म्हणजे घट्ट मूठ, कारण तो स्वर स्थिर. 'टी' म्हणजे वर रोखलेले बोट, कारण तो वरच्या 'डो'कडे ओढ घेतो. मुलाला स्वराचा स्वभाव हाताने कळे.

या पद्धतीला प्रारंभी राजाश्रय नव्हता, पण गिरण्यांच्या गावांतून, खाणकामगारांच्या वस्त्यांतून ती पसरली. वेल्श मिशनऱ्यांनी ती आपल्या ईशान्य भारतात नेली. खासी आणि मिझो समाजांत स्तोत्रांची पुस्तके आजही सोल-फाच्या अक्षरांत छापली जातात आणि सबंध मंडळी ती चार आवाजांत गातात. १८८२ साली इंग्लंडच्या सरकारने शाळांच्या अनुदानाचा जो नियम केला तो वाचून गंमत वाटते. मुले केवळ ऐकून पाठ केलेली गाणी म्हणत असतील तर दर मुलामागे सहा पेन्स. लिहिलेले वाचून गात असतील तर एक शिलिंग, म्हणजे बरोबर दुप्पट. पाठांतर आणि गायन यांतील भेदाला सरकारी तिजोरीने रोख किंमत लावल्याचे हे उदाहरण!

कर्वेनच्या पद्धतीतही पुढे एक उणीव शिरली. १८७२ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकातून रेषांची स्वरलिपी अजिबात वगळली गेली. शिडी चढावयास दिली होती, पण माणसे शिडीवरच घर करून राहिली.

ही शिडी पुन्हा कामास लावली ती हंगेरीतील एका रचनाकाराने. झोल्तान कोडाय यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजी केच्केमेट येथे झाला. वडील रेल्वेच्या नोकरीत, स्टेशनमास्तर. त्यामुळे बालपण गालांता नावाच्या गावी गेले. तेथे अनवाणी फिरणारी खेड्यातली मुले त्यांची वर्गमित्र होती. पुढे आपल्या द्विस्वरी गीतांच्या पुस्तकात, 'बिचीनिया हुंगारिका'मध्ये, त्यांनी या अनवाणी सोबत्यांची आठवण ठेवली. त्यानंतर नाज्सोंबात (आज स्लोव्हाकियातील त्रनावा) येथील शाळेत असताना ते कॅथीड्रलच्या गायकवृंदात गात. १९०५ पासून खेडोपाडी हिंडून त्यांनी लोकगीते जमविण्यास आरंभ केला. बेला बार्टोक त्यांना मिळाले. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणारा फोनोग्राफ बरोबर घेऊन दोघे शेतकऱ्यांच्या अंगणांत बसले. त्या काळच्या हंगेरीत शहरी सुशिक्षित घरांतून जर्मन वळणाचे संगीत चाले आणि कॅफेतील बँडचे संगीत 'राष्ट्रीय' म्हणून मिरवे. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायांच्या तोंडी असलेली प्राचीन पाच स्वरांची गीते त्या दोहोंपासून दूर होती.

कोडाय नामांकित रचनाकार होते. ते मुलांकडे कसे वळले? १९२५ साली त्यांनी बुडापेस्टमधील एका साध्या शाळेच्या मुलांच्या गायकवृंदासाठी दोन समूहगीते रचली. त्या निमित्ताने शाळांत काय गायिले जाते याकडे त्यांचे लक्ष गेले आणि ते अस्वस्थ झाले. गाणी निकस, बेतीव, मुलांना बालिश समजून रचलेली होती, आणि ज्या तरुणी उद्या शिक्षिका होणार त्यांच्याही तोंडी तीच. १९२९ मध्ये बालगायकवृंदांविषयी लिहिलेल्या लेखात त्यांनी असे प्रतिपादन केले की, किश्वार्दासारख्या आडगावी गायनाचा शिक्षक कोण आहे हे राजधानीतील ऑपेराचा संचालक कोण यापेक्षा अधिक महत्त्वाचे आहे. कारण वाईट संचालक लवकर पडतो, वाईट शिक्षक मात्र तीस वर्षे पिढ्यांमागून पिढ्यांतील संगीताचे प्रेम मारीत राहतो. हे वाक्य ज्याने मनावर घेतले त्याला शाळेत शिक्षक नेमताना झोप लागणार नाही.

सहा वर्षांच्या मुलाने काय शिकावे, याचे कोडाय यांनी आणि येनो आदाम आदी त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलेले उत्तर तपशिलात पाहण्यासारखे आहे. वाद्य नाही, आधी आवाज. कारण तो प्रत्येक मुलापाशी असतो आणि फुकट असतो. गाणे पियानोच्या साथीवाचून, कारण साथीला टेकून गाणारा कान स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. पहिले स्वर दोनच : सोल आणि मी. मूल खेळताना लांबून हाक मारते, चिडवते, तेव्हा पुष्कळदा याच उतरत्या अंतराने, म्हणून ते त्याला शिकवावे लागत नाही, फक्त दाखवावे लागते. मग ला, मग डो आणि रे. फा आणि टी हे स्वर शेजारच्या स्वराशी अर्ध्या अंतराने जोडलेले असल्याने लहान मुलाचा गळा तेथे घसरतो. म्हणून ते मागाहून. आरंभीची वर्षे पाचच स्वरांची. लय चालण्यातून, टाळीतून. तालाच्या मात्रांना 'ता', 'तिती' अशी नावे, ती फ्रान्समधील शेव्हे यांच्याकडून. गाणे चालू असता शिक्षकाने खूण केली की आवाज बंद, पण गाणे मनात चालूच. पुन्हा खूण झाली की सर्वांनी नेमक्या त्याच ठिकाणी प्रकट व्हावयाचे. आतल्या कानाची ही कवायत मुलांना खेळ वाटते आणि शिक्षकाला मात्र एका क्षणात कळते की कोणाच्या डोक्यात गाणे आहे आणि कोण शेजाऱ्याच्या आधाराने तरंगत होता. हातांच्या खुणा कर्वेनच्या, चल 'डो' ग्लोव्हरबाईंचा, अक्षरे गुइडोची. इंग्लंडच्या प्रवासांत कोडाय यांनी हे सारे पाहिले होते. परंतु त्यांनी मुलांना शिडीवर ठेवले नाही. अक्षरांवरून त्यांना पाच रेषांच्या स्वरलिपीकडे नेले.

आणि गाणी? ती मातृभाषेची, लोकांच्या तोंडची. मूल जशी आधी आईची भाषा बोलते आणि मग परकी शिकते, तसेच संगीताचे, हा त्यांचा आग्रह होता. मात्र मातृभाषेवर थांबणे त्यांना मान्य नव्हते. तेथून पॅलेस्ट्रिना व बाख यांच्यापर्यंत वाट काढावयाची होती.

१९५० साली कोडाय यांच्या जन्मगावी, केच्केमेट येथे, मार्ता नेमेशसेगी या मुख्याध्यापिकेने रोज गायनाचा तास असलेली पहिली प्राथमिक शाळा चालू केली. काळ लक्षात घेतला पाहिजे. १९४८ मध्ये कम्युनिस्ट राजवटीने ख्रिस्तसभेच्या शाळा ताब्यात घेतल्या होत्या, आणि १९५० मध्येच बहुतेक संन्यस्त संघ विसर्जित करण्यात आले. ज्या सिस्टरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना गावयास शिकविले त्या शाळांबाहेर फेकल्या गेल्या होत्या. त्या अंधाऱ्या वर्षांत वर्गात दररोज एक तास मुले स्वतःच्या आजी-पणजीची गीते शुद्ध स्वरांत गात होती, ही गोष्ट केवळ शिक्षणशास्त्राची राहत नाही. पुढे अशा शाळांची संख्या शंभरावर गेली. १९६४ साली संगीतशिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद बुडापेस्टला भरली, तेव्हा देशोदेशींच्या शिक्षकांनी हे वर्ग डोळ्यांनी पाहिले व ही पद्धत जगभर गेली. कोडाय १९६७ मध्ये निवर्तले. १९७५ मध्ये केच्केमेटला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने या कार्याची नोंद वारसाजतनाच्या आदर्श प्रयत्नांत केली.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, आपणही हंगेरीची पुस्तके मागवावीत. त्याची गरज नाही, आणि कोडाय यांनाही ते आवडले नसते. मुळात चल 'डो' म्हणजे आपला षड्ज. गाणारा आपला सा कोठेही धरतो आणि बाकीचे स्वर त्याच्याशी नात्याने बसतात. ग्लोव्हरबाईंना जे शोधून काढावे लागले ते आपल्या मुलांना परंपरेने मिळालेले आहे. हंगेरीची पहिली जोडी, सोल आणि मी, म्हणजे आपले पंचम आणि गंधार. त्यांचे पाच स्वर डोपासून मोजले तर सा, रे, ग, प, ध होतात, आणि हे तर भूप रागाचे स्वर. आपल्याकडील कित्येक गुरुजी नवशिक्याला भूपापासून सुरुवात करून देतात, त्यात हाच शहाणपणा आहे : निसरडे मध्यम आणि निषाद वाटेत येत नाहीत. स्वरलिपीचेही तेच. वाळकेश्वरी जन्मलेले पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी आपल्या संगीतासाठी जी लिपी सिद्ध केली ती मराठी अक्षर ओळखणाऱ्या कोणत्याही मुलाला वाचता येईल इतकी सोपी आहे. ज्या मुलाला चर्चमध्ये ऑर्गन वाजवावयाचा आहे त्याने पाच रेषांकडे खुशाल जावे. सरगममधून तिकडे जाणे अवघड नाही.

गाण्यांच्या बाबतीत मात्र आपण दरिद्री नसून उधळे आहोत. वसईच्या गावांत सामवेदी आणि वाडवळ बोलींतील लग्नगीते अजून वृद्ध स्त्रियांच्या ओठी आहेत. जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, अंगाई साऱ्या महाराष्ट्राची आहेत. यांतील पुष्कळ चाली चार-पाच स्वरांत फिरतात, म्हणजे सहा वर्षांच्या गळ्याला नेमक्या मानवणाऱ्या. आपण मात्र त्याच्याकडून चित्रपटातील दीड सप्तकाचे गाणे मोबाईलवरील साथीवर म्हणवून घेतो, आणि वरच्या स्वरांत ते किंचाळले की त्याला गळा नाही असे ठरवितो. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात, ज्या लोकांत धर्मकार्य चालते त्यांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उचित स्थान द्यावे असे म्हटले. आणि केवळ उपासनेत नव्हे तर शाळांमध्येही तिचे संवर्धन करण्यास धर्मप्रसारकांना समर्थ करावे, असे स्पष्ट नमूद केले. उपासनेच्या बाबतीत आपण त्याची थोडीफार दखल घेतली. शाळांच्या उल्लेखावरून मात्र नजर सरकून गेली.

एका शाळेच्या संमेलनाच्या तालमीत (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) शिक्षिकेने मागच्या रांगेतील एका मुलाला सांगितलेले मी ऐकले : तू गाऊ नकोस, नुसते ओठ हलव. ते मूल सात वर्षांचे असेल. सूर न लागणारे मूल हे बहुधा ऐकण्याची सवय न झालेले मूल असते, आणि त्याला ती सवय लावणे हेच तर गायनाच्या तासाचे काम. संमेलन गोड व्हावे म्हणून ज्याला गप्प बसविले, ते पुढे चर्चच्या बाकावरही गप्पच बसते. रविवारच्या मिस्सात आपले अर्धे पुरुष का गात नाहीत याची चर्चा आपण धर्मग्राम समितीत करतो. त्याचे उत्तर पुष्कळदा दुसरीच्या वर्गात सापडेल.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कला आणि इतर विषय यांतील उच्चनीचता मोडण्याची भाषा केली आहे. भाषेला तासाची जोड मिळेल तेव्हा मिळेल. आठवड्याला अर्ध्या अर्ध्या तासाच्या दोन तासिका एवढेच हाती असेल, तरीही पहिलीत पुष्कळ काही साधते. जून ते गणेशोत्सव नुसते प आणि ग : हाका, प्रश्नोत्तरे, हजेरीसुद्धा या दोन स्वरांत घ्यावी, म्हणजे प्रत्येक मूल रोज एकदा एकटे गाते. चालत, टाळी देत लय. नाताळापर्यंत धैवत यावा आणि तीन स्वरांची सात-आठ गाणी व्हावीत, त्यांतली दोन तरी मुलांनी आपल्या आजीकडून आणलेली. दुसऱ्या सत्रात षड्ज आणि ऋषभ, मनातल्या मनात गाण्याचा खेळ, आणि वर्ष संपता संपता फळ्यावर अक्षरांत लिहिलेली, आधी न ऐकलेली चार स्वरांची ओळ वाचून गाणे. वर्गातील साठ मुलांपैकी प्रत्येकाला महिन्यातून एकदा अशी एकट्याने गाण्याची पाळी द्यावयाची तर दर आठवड्याला पंधरा मुले होतात. दहा मिनिटांचे काम आहे, आणि त्या दहा मिनिटांत पेटी बंद ठेवावी.